पाचशे बारा

आमच्या घरात मुलीला किती लागतं हे मुलीला विचारायची पद्धत नव्हती. ते आधीच ठरलेलं असायचं. रविवारी सकाळी कळंबची मासळीवाली मावशी नालासोपाऱ्यातल्या आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगखाली टोपली टेकायची आणि तिसऱ्या मजल्याला ऐकू जाईल अशी हाळी द्यायची. आई पिशवी घेऊन उतरली की घासाघीस सुरू. "घे गो बाय, आताच पान्यातून काडलाय. कोन बोलतो शिला हाय, त्याला आन माझ्यासमोर!" आई नाक मुरडत कल्ले उघडून बघायची आणि शेवटी घ्यायची ते घ्यायचीच. मग वर खोबरं खवल्याची खरखर, आमसुलांचा आंबट वास, आणि वीज जायच्या आत वाटण उरकायचं म्हणून मिक्सरची घाई. दुपारी पानं मांडली की सुरमईचं डोकं बाबांना, मधल्या जाड तुकड्या माझ्या धाकट्या भावाला, नितीनला, शेपटीकडची तुकडी मला, आणि आईला कालवणाच्या तळाशी जे सापडेल ते. "शेपटीकडची गोड लागता," असं आई म्हणायची. एकदा मी म्हटलं, "एवढी गोड लागते तर नितीनला दे." आई हसली आणि ती तुकडी माझ्याच पानात वाढली.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, असं म्हणायची रीत आहे. मी तक्रार म्हणूनच लिहिते आहे. बाबा आता नाहीत, आई थकली आहे, मी स्वतः पन्नाशीच्या दाराशी येऊन ठेपले आहे, आणि अजूनही कुणी "तुला एवढं पुरे ना?" असं विचारलं की माझं डोकं फिरतं. त्या प्रश्नात उत्तर आधीच घालून ठेवलेलं असतं. आपण फक्त मान हलवायची.

बाबा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. मालवणाकडचं गाव सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती, पण घराचा उंबरा ओलांडला की ते मालवणीतच बोलायचे, मी त्यांची चेडू, नितीन त्यांचा झील, आणि आम्ही दोघं मुलं मुंबईच्या मराठीत उत्तरं द्यायचो. माणूस वाईट नव्हता. मला शिकवलं, नकाशे काढायचा दोन वर्षांचा कोर्स करू दिला, नालासोपारा पश्चिमेला एका आर्किटेक्टकडे नोकरी लागली तेव्हा सगळ्या बिल्डिंगीत पेढे वाटले. फक्त त्यांच्या मनात प्रत्येकाचं एक माप ठरलेलं होतं. नितीनचं माप त्याच्या वयाबरोबर वाढत जायचं. माझं मात्र लग्नापर्यंत पुरेल एवढंच होतं. नितीन तेव्हा कॉलेजात होता आणि कॉम्प्युटरचा एक क्लास करून अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला होता. कुणाचा टीव्ही बिघडला तरी लोक त्याला बोलवायचे, आणि तोही जायचा.

मी ज्यांच्याकडे काम करायचे ते राऊतसर वटारचे. घरची वाडी होती, त्यामुळे ऑफिसात कधी केळ्यांचा घड, कधी रुमालात बांधलेला सोनचाफा घेऊन यायचे आणि फुलं सगळ्यांच्या टेबलांवर एकेक ठेवत फिरायचे. बोलायला मऊ, पण कामाच्या बाबतीत पक्के. आमच्या भागात तेव्हा इमारती भराभर उठत होत्या. बिल्डरांना नुसते नकाशे पुरेनासे झाले होते, त्यांना माहितीपत्रकावर छापायला रंगीत चित्र हवं असायचं, ज्यात इमारत खरीखुरी उभी दिसेल, गॅलऱ्यांत कुंड्या असतील आणि खाली नसलेली बाग असेल. त्याला सगळे थ्रीडी म्हणायचे. हे काम मुंबईला जायचं, अंधेरीच्या एका माणसाकडे. आम्ही मुली जिने, संडास आणि पाण्याच्या टाक्या काढायचो. एकच जिना मी वर्षभरात इतक्या वेळा काढला होता की डोळे मिटून त्याच्या पायऱ्या उतरले असते.

थ्रीडी मी कुणी शिकवल्याशिवाय शिकले. जेवणाच्या सुट्टीत सिनियरचं मशीन मोकळं असायचं, तेव्हा डबा मांडीवर घेऊन बसायचे. एक मजला उभा करायचा, खिडक्या बसवायच्या, मग तोच मजला उचलून वर ठेवायचा, पुन्हा वर ठेवायचा. गंमत अशी की त्या मशीनवर इमारत चौथ्या मजल्यापर्यंत चढायची आणि तिथे बसायची. पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि हलायचं नाव नाही. मी आपली भात गार होईपर्यंत बघत राहायचे. एकदा अंधेरीचा माणूस चित्रं द्यायला आला होता, त्याने मागून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मेमरी किती आहे यात? दोनशे छप्पन एमबी? मग चारच्या वर चढणार नाही. पाचशे बारा तरी पाहिजे." चूक माझी नव्हती हे कळल्यावर मला काय आनंद झाला! इतके दिवस वाटत होतं, मलाच जमत नाही.

मी राऊतसरांना विचारलं. ते म्हणाले, "ऑफिसचं मशीन मोकळं नाही. तुझं तू आण. विरारच्या सात मजल्यांचं चित्र दिवाळीच्या आत हवंय. तू केलंस तर काम इथेच राहील, तुझ्याकडे. नाही झालं तर अंधेरीला पाठवतो, आणि मग मला दर वेळी पुन्हा विचारू नकोस." एवढा साधा हिशेब. सात मजले चढले तर मी थ्रीडीवाली, नाही चढले तर जिना आणि संडास.

आचोळ्याला तेव्हा दिवसातून इतके तास वीज जायची की साधा कॉम्प्युटर घेण्यात अर्थ नव्हता. बॅटरीवर चालणारा लॅपटॉपच हवा होता. मी दोन वर्षं पगारातलं बाजूला टाकत आले होते, ते बरोब्बर पुरणार होतं. घरी सांगितलं तेव्हा बाबांना बरं वाटलं, लेक लॅपटॉप घेणार म्हणजे बिल्डिंगीत मान. पण मेमरीचा विषय निघाला आणि सगळं घर शहाणं झालं. नितीन म्हणाला, "दोनशे छप्पन भरपूर होते. उरलेल्या पैशांत डीव्हीडी रायटर टाकू. सगळे पिक्चर घरी." बाबा म्हणाले, "अंथरूण बघून पाय पसरूचे, वैशू." मी म्हटलं, "अंथरूण माझ्या पगाराचं, पाय माझे. पाचशे बारा." आई पोळ्या लाटत होती. तिने पोळी तव्यावर टाकली.

स्टेशनजवळच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. दुकानदार मुंबईहून मशीन मागवून द्यायचा. मी खुर्चीत बसले, बाबा आणि नितीन मागे उभे, तरी तो माझ्या डोक्यावरून त्यांच्याशीच बोलला. "लेडीजसाठी आहे ना? टायपिंग-बियपिंग? दोनशे छप्पन खूप झालं." मी म्हटलं, "पाचशे बारा." तो हसून बाबांकडे बघू लागला. मी पुन्हा म्हटलं, "पाचशे बारा." असं मी तीन वेळा म्हटलं, तेव्हा कुठे त्याने ऑर्डर घेतली. येताना मी इतकी खूश होते की तिघांना उसाचा रस पाजला.

आठ दिवसांनी, रविवारी सकाळी, बाबा आणि नितीन खोका घेऊन आले. मला उघडायची घाई, पण बाबांनी हात धरला. आमच्यात कुठलीही नवी गोष्ट घरात आली की आधी गाऱ्हाणं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: देवापुढे नारळ ठेवायचा, घरच्या कर्त्याने हात जोडून जे असेल ते देवाला मोठ्याने सांगायचं आणि मागायचं, आणि बाकीच्यांनी मागे उभं राहून प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. सगळ्यांनी होकार भरला की मगच नारळ फोडायचा. गावात हे मांडावर, म्हणजे गावदेवाच्या ठरलेल्या जागेवर चालतं, आमच्याकडे फ्रिजच्या बाजूच्या देवाच्या फळीसमोर चालायचं. फ्रिज आला तेव्हा गाऱ्हाणं झालं होतं, नितीनची सायकल आली तेव्हाही. "व्हय म्हाराजा" कुणी विचार करून म्हणत नसतं. ते आपोआप तोंडातून निघतं.

बाबांनी खांद्यावर पंचा टाकला, खोका फळीखाली ठेवला, त्याच्यासमोर नारळ. आई पदर घेऊन उभी राहिली, नितीन आणि मी तिच्या मागे.

"बारा गावच्या, बारा येशीच्या, बारा व्हाळाच्या बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघं.

"आज तुज्या कृपेन ह्या घरात नवीन लॅपटॉप इलो हा. लेकरान तुज्या पायाकडे ह्यो नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घी म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

बाबांचा आवाज जरा खाली आला. "चेडवान पाचशे बाराचो सांगितलेलो. पण झिलाक डीव्हीडी होयी होती, आणि चेडू काय, आज हय, उद्या सासरी. म्हणान आमी दोनशे छप्पनचो आणलो. तां तिना गोड मानून घेवचा, रुसाचा नाय, अशी तिका बुद्धी दी म्हाराजा..."

आई आणि नितीन सवयीने म्हणून गेले, "व्हय म्हाराजा."

मी म्हटलं, "नाय म्हाराजा."

मला आज विचाराल तर मी ठरवून म्हटलं नव्हतं. माझे ओठ त्या होकारासाठीच उघडले होते आणि बाहेर पडलं ते हे. मला माहीत नसताना दोघांनी दुकानात जाऊन ऑर्डर बदलली होती. मला आठ दिवस एका शब्दाने सांगितलं नाही, आणि देवाला मात्र पहिल्याच दमात सगळं सांगून टाकलं, कारण गाऱ्हाण्यात खोटं बोलत नाहीत! माणसाला फसवलं तर चालतं, देवाला नाही, हा कुठला न्याय? मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं नाही.

बाबा वळले. त्यांच्या आयुष्यात गाऱ्हाण्याला "नाय" कुणी म्हटलं नव्हतं. "देवासमोर नाय म्हणतंस?"

"तुम्ही देवाला सांगत होता की मला ऐकवत होता?" मी म्हटलं. "देवाला सांगत असाल तर माझंही त्याच्या कानावर जाऊ दे. मशीन माझ्या पगाराचं आहे. मला सासरी कधी पाठवायचं ते तुम्ही बघा, पण दिवाळीच्या आत मला सात मजले उभे करायचेत आणि हे मशीन चौथ्यावर बसतं. मी गोड मानून घेणार नाही. मला तसली बुद्धी नको."

"अगं, डीव्हीडी रायटर आहे त्यात," नितीन म्हणाला. "तुलाही वापरायला मिळेल ना."

माझ्याच मशीनमधलं मला वापरायला मिळणार होतं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, तो आता दोन मुलांचा बाप आहे.

बाबांनी पुन्हा हात जोडले. त्यांना वाटलं, रेटून न्यावं. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा चढ्या आवाजात, "...अशी तिका बुद्धी दी म्हाराजा!" नितीन म्हणाला, "व्हय म्हाराजा." एकटाच. बाबांनी आईकडे पाहिलं. आईने पदर खोचला.

"पैसे तिचे," आई म्हणाली. "तुमी तिका इचारलात?" आणि ती आत जाऊन कुकर लावायला लागली.

माझ्या आईने बाबांना लोकांदेखत किंवा घरात उलट उत्तर दिलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. नंतर पुष्कळदा ऐकलं.

आता पंचाईत अशी झाली की देवापुढे ठेवलेला नारळ उचलता येईना आणि फोडताही येईना. होकारच भरला नव्हता. खोका तसाच बंद, त्याच्यावर टेप तशीच, आणि समोर शेंडीवाला नारळ. बाबा रोज सकाळी दिवा लावायला जायचे आणि त्या नारळाकडे न बघता दिवा लावायचे. पहिल्या दिवशी ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी समजावून पाहिलं, "फक्त तोंडान म्हण गो, देवाक काय मन दिसता?" मी म्हटलं, "दिसत नसेल तर नारळ कशाला ठेवता?" तिसऱ्या दिवशी माझ्या पानात सुरमईची मधली तुकडी आली. मी ती खाल्ली, आणि "व्हय" काही म्हटलं नाही. घरात असा अबोला होता की कुकरच्या शिट्ट्या मोजायला कुणी चुकत नव्हतं. मला भीती वाटत नव्हती असं नाही. दिवाळी जवळ येत होती, राऊतसर रोज विचारत होते, आणि मनात यायचं, दोनशे छप्पन तर दोनशे छप्पन, निदान चार मजले तरी. पण चार मजल्यांच्या इमारतीचं चित्र मागायला कुणी येत नव्हतं.

शेवटी बाबांनी गावाला, थोरल्या काकांना फोन लावला. गावातले गाऱ्हाणेवाले तेच. आमच्याकडून फक्त बाबांचा आवाज ऐकू येत होता, "नाय म्हणता... नाय रे, चेडूच... होय, देवासमोर..." पलीकडून काका इतक्या जोरात हसले की ते आम्हालाही ऐकू आलं. फोन ठेवून बाबा आईला म्हणाले, "दादा म्हणता, एक तर चेडवाक व्हय म्हणूक लाव, नायतर गाऱ्हाना बदल. तिसरी वाट नाय." आई म्हणाली, "मग बदला." बाबा उठले, खोका काखेत घेतला आणि दाराशी चपला शोधत मला म्हणाले, "चल दुकानात."

रिक्षात त्यांनी खोका मांडीवर धरला होता. मला त्यांच्याकडून माफी नको होती, मला मशीन हवं होतं. दुकानदाराने टेप न फोडलेला खोका पाहिला, बाबांचा चेहरा पाहिला आणि काय ते समजला. नाखुशीने का होईना, बदलून द्यायला तयार झाला. मग पेन उघडून सवयीप्रमाणे बाबांना म्हणाला, "बोला काका, आता किती टाकू?"

बाबा म्हणाले, "माझ्याकडे काय बघता? तिला विचारा."

आणि तो माझ्याकडे वळला. "बोला मॅडम. किती हवी मेमरी?"

एक गोष्ट मी इथवर लिहायची टाळली आहे, ती आता लिहिते. अंधेरीच्या त्या माणसाने त्या दिवशी आणखी एक वाक्य म्हटलं होतं. "पाचशे बारा म्हणजे कसंबसं हां, मॅडम. सुखाने काम करायचं तर याच्या दुप्पट, एक जीबी घ्या." ते मी ऐकलं होतं, नीट लक्षात ठेवलं होतं, आणि घरी येईपर्यंत स्वतःच गिळून टाकलं होतं. घरात एक जीबी मागायची माझी छाती झाली नव्हती. कुणी कापायच्या आधी मी माझ्या हाताने निम्मं कापून घेतलं होतं, आणि त्या निम्म्यासाठी तीन दिवस देवाचा नारळ अडवून ठेवला होता. बाबांवर, नितीनवर, दुकानदारावर जळफळत होते, आणि पहिली काटछाट माझी होती. त्या खुर्चीत बसल्या बसल्या मला स्वतःचाच इतका राग आला की कान तापले.

"एक जीबी," मी म्हटलं.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, एक जीबी घरच्या कामाला लागत नाही. डीव्हीडी रायटर काढला तरी वर पैसे पडतील."

"घरचं काम नाही. डीव्हीडी काढा. वरचे पैसे दिवाळीआधीचा पगार झाल्यावर देते, तोपर्यंत मशीन तुमच्याकडे ठेवा."

त्याने एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा काचेच्या कपाटातले माउस बघत उभे होते. मग त्याने मान खाली घालून वहीत लिहून घेतलं आणि सहीसाठी पेन माझ्याकडे सरकवलं. मी पेन बाजूला ठेवलं. वही माझ्याकडे फिरवून घेतली, बाबांच्या देखत त्याने लिहिलेला शब्दन् शब्द वाचला, आणि मग सही केली.